खातेदार हयात आहे

मराठी भाषेत हाडाला फार मान आहे. एखादा मास्तर मन लावून शिकवू लागला की तो 'हाडाचा शिक्षक' होतो. नट रंगून काम करणारा असला की 'हाडाचा कलावंत', आणि कर्ज बुडालं तरी पेरणी चुकवत नाही तो 'हाडाचा शेतकरी'. गेली बावीस वर्षं मी बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो आहे. पण 'हा हाडाचा कारकून बरं का' असं कुणी म्हटल्याचं अजून माझ्या कानावर आलेलं नाही. कारकुनाला हाड असतं, त्यातही पाठीचं असतं, हेच लोकांना मुळात मान्य नसावं.

तेव्हा हाडांवर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. काही नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शरीरशास्त्राशी माझा संबंध सर्दीपुरता. पण मागच्या पोळ्याच्या सुमाराला आमच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, आणि ते दुरुस्त झाल्यावर घरात एक प्रश्न येऊन बसला. तो डॉक्टरांच्या खात्यात मोडत नाही, औषधाच्या दुकानातही त्यावर काही मिळत नाही. प्रश्न असा, की म्हाताऱ्या माणसाचं मोडलेलं हाड घरच्यांनी पैसे आणि झोप खर्चून नीट करून आणलं, तर त्यानंतर ते हाड कुणाचं? ज्याच्या अंगात आहे त्याचं, की ज्यांनी ते सांभाळलं त्यांचं?

उत्तराकडे वळण्याआधी हाडाचा खातेउतारा बघू. वाणिज्य शाखेच्या भाषेत हाड म्हणजे बचत खातं. बाळ जन्माला येतं तेव्हा त्याच्या अंगात तीनशेच्या आसपास हाडं असतात, आणि मोठ्या माणसाच्या अंगात मोजली तर भरतात २०६. बाकीची कुणी पळवत नाही. त्यांचं विलीनीकरण होतं. २०१७ साली देशात २७ सरकारी बँका होत्या, १ एप्रिल २०२० ला १२ उरल्या, तसंच हे. फरक इतकाच, की हाडांच्या विलीनीकरणात पासबुक बदलायला रांग लागत नाही.

साधारण तिशीपर्यंत या खात्यात भरणा चालू असतो. पुढे उचल सुरू होते. बायकांच्या खात्यातून पाळी थांबल्यानंतरची काही वर्षं ती जरा जोरातच होते. पण गंमत अशी, की हे खातं निष्क्रिय कधीच नसतं. हाड कुरतडणाऱ्या पेशी वेगळ्या, हाड बांधणाऱ्या वेगळ्या. एकीने काढायचं, दुसरीने भरायचं, आणि हा व्यवहार रविवारची सुट्टी न घेता जन्मभर चालतो. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नव्याने बांधला जातो. म्हणजे ज्याला आपण 'म्हातारं हाड' म्हणतो त्यातला पुष्कळसा माल आपल्या धाकट्या चिरंजीवापेक्षा वयाने लहान असतो.

आणखी एक नोंद. १८९२ साली बर्लिनच्या युलिउस वोल्फ नावाच्या डॉक्टराने पुस्तक लिहून एक नियम मांडला: हाडावर जसा भार पडेल तसं ते स्वतःला घडवतं. जिथे काम पडेल तिथे भरतं, जिथे पडणार नाही तिथे विरळ होतं. अंतराळात जाऊन महिनोन् महिने राहणारी धट्टीकट्टी माणसं असतात, त्यांची खुब्याची हाडं महिन्याला एक ते दीड टक्का या दराने झिजतात. कारण काय, तर तिथे वजन नाही, पायांना काम नाही. महिन्याला दीड टक्का! मुदत ठेवीवर या दराने व्याज मिळत असतं तर मी हा लेख नोकरी सोडून निवांत लिहिला असता. वाचकांनी ही नोंद लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

आता मुख्य व्यवहार. आमच्या पारशिवनीत, म्हणजे एकंदर नागपूरकडच्या मुलुखातच, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी नंदीबैल सजवून घरोघर फिरतात आणि बोजारा मागतात. बोजारा म्हणजे बैलाच्या नावावर मालकाने वसूल केलेली दक्षिणा. आई शहात्तर वर्षांची. सुट्टी नाणी तिने आठ दिवस आधी माझ्याकडून मागवून डब्यात भरून ठेवली होती. दारात 'आजी, बोजारा!' अशी हाक आली, आई डबा घेऊन लगबगीने निघाली. ओसरीची पायरी गेली चाळीस वर्षं जिथे आहे तिथेच त्या दिवशीही होती. आईचा पाय मात्र तिथे नव्हता. नाणी अंगणभर झाली. पोरं शहाणी. त्यांनी आधी आरडाओरडा करून माणसं जमवली, मग नाणी वेचली आणि वेचून डब्यात परत टाकली. संध्याकाळी मोजली तर एक रुपया कमी नाही. आमच्या कॅश काउंटरवर असा योग दर महिन्याला येत नाही.

पारशिवनीहून आमडी फाट्यावर यायचं, मग मोठ्या रस्त्याने कन्हान, कामठी करत नागपूर, चाळीसेक किलोमीटर. नेमकी त्याच दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, आणि निम्मं शहर रस्त्यावर. ज्या दिवशी सगळं नागपूर आपली रोगराई आणि इडापीडा वाजतगाजत गावाबाहेर काढत असतं, त्या दिवशी आम्ही आमची इडापीडा गाडीत आडवी घालून गावात नेत होतो. आई कण्हत होती. मधेच डोळे उघडून म्हणाली, "पोरांना बोजारा दिला का रे कुणी?"

डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, मांडीच्या हाडाची मान मोडली आहे, या वयात ती सांधत बसण्यापेक्षा वरचा गोळाच बदलू. शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईला वॉकर देऊन उभं करायचं ठरवलं. रामटेकहून आलेले आमचे मामा हे ऐकून खुर्चीवरून उठलेच. "बाप्पा! काल कापलं आणि आज उभं करता?" मामांचा अनुभव वेगळा. त्यांच्या वडिलांचा खुबा मोडला तेव्हा पायाला विटा टांगून त्यांना खाटेवर निजवलं होतं. पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला, आणि तिसऱ्या महिन्यात पायाच्या आधी माणूसच सुटला.

मामांची भीती काही त्यांच्या एकट्याची नाही, ती फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांचे बारा प्रकार आणि निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार मोजून दिले आहेत. वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या सालींनी आणि बांबूच्या कामट्यांनी बांधायची रीत दिली आहे. मांडी किंवा कंबर मोडलेल्याला फळीवर निजवून पाच खुंट्यांना जखडून ठेवायला सांगितलं आहे. वयाचा हिशेबही आहे: पहिल्या वयात महिना, मधल्या वयात दुप्पट, उतारवयात तिप्पट. म्हणजे कर्ज तेच, मुदत तिप्पट. त्या काळी दुसरा इलाजच नव्हता. न हलणं हाच उपचार. १९६२ साली इंग्लंडात जॉन चार्नली याने धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी यांचा टिकाऊ खुबा बसवून दाखवला, आणि पुढे म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी उभं करण्याची हिंमत डॉक्टरांना आली. फळी गेली, खुंट्या गेल्या. पण माझ्या मते त्या नुसत्या दवाखान्यातून गेल्या. घरात त्या अजून आहेत. हल्ली त्यांना 'काळजी' म्हणतात.

आई घरी आली तेव्हा वॉकर घेऊन चाळीस पावलं चालत होती. बरोबर सूचनांचा कागद होता. जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, उकिडवं बसायचं नाही. मराठी माणसाला मांडी घालू नको म्हणणं म्हणजे जवळजवळ नागरिकत्व काढून घेणंच. जेवण मांडी घालून, पूजा मांडी घालून, भाजी निवडणं मांडी घालून, रुसणंसुद्धा मांडी घालूनच. आईने तेही सोसलं. खुर्चीवर बसून देवपूजा करताना ती देवांना म्हणाली, "माफ करा बाप्पा, मी वर आणि तुम्ही खाली." दुसऱ्या दिवशी देव टेबलावर आले.

मग समाचाराला येणारी मंडळी. कुणी हाडजोडीचा वेल आणला, कुणी रोज एक डिंकाचा लाडू सांगितला, कुणी लांबच्या गावच्या हाडवैद्याचा पत्ता दिला. गोळा बदललेला आहे, आता जोडायला जुनं हाड उरलेलंच नाही, हे सांगून माझा घसा बसला. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. शेजारच्या बाई निघताना दारातून ओरडून सांगत, "काकू, आता काहून उठता जी? पडून राहा न आरामात!"

आणि इथे घरच्यांची सभा भरली. हल्ली सभा फोनवर भरते. भाऊ पुण्याहून, बहीण नागपूरहून, मामा रामटेकहून, सौ. स्वयंपाकघरातून, मी नेहमीप्रमाणे इतिवृत्त लिहायला. ठराव पास झाले. आईने अंगणात जायचं नाही. पायरी उतरायची नाही. स्वयंपाकघरात यायचं नाही. एकटीने न्हाणीत जायचं नाही. पाणी हवं तर हाक मारायची. सूचक पुणे, अनुमोदक नागपूर. ज्यांच्याविषयी सभा होती त्या शेजारच्या खोलीत होत्या. त्यांना निमंत्रण नव्हतं.

मी ठरावांची टिंगल करतो आहे असं कुणी समजू नये. सौ.ने एक प्रश्न विचारला होता, त्याला उत्तर द्यायला कुणाला जमलं नाही. ती म्हणाली, "पुन्हा पडल्या तर रात्री दोन वाजता उचलायला पुणं येणार आहे का?" एकदा हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं पुन्हा मोडण्याची शक्यता वाढलेलीच असते, हे खरं. आई पडते तेव्हा एकटी आई पडत नाही. सौ.ची झोप पडते, माझ्या रजा पडतात, मुलाची परीक्षा पडते. तेव्हा खातं संयुक्त आहे आणि आम्हालाही त्यात म्हणणं आहे, हे अगदी रास्त.

पण सहा आठवड्यांनी हिशेब केला तर चाळीस पावलांची बारा झाली होती. फोटोत सगळं उत्तम. गोळा जिथल्या तिथे. वोल्फसाहेबांचा नियम मात्र जर्मनी सोडून आमच्या माजघरात राहायला आला होता. आणि पावलांपेक्षा जास्त आटली होती ती आईची भाषा. नऊ माणसांचं घर मास्तराच्या पगारात चालवलेली ही बाई. बाबा गेल्यावर शेताच्या मोजणीला भूमापकाशी एकटी भांडून आलेली. ती एक दिवस मला म्हणाली, "खिडकीशी बसू का रे?" मी म्हटलं, "बस न. विचारतेस काय?" तर म्हणाली, "नाही, तिकडे वारा असतो. तुमचं काही ठरलं असेल."

ठरावात खिडकीचा उल्लेख नव्हता. आईने तो स्वतःच घालून घेतला होता.

नोव्हेंबर आला. बँकेतला नोव्हेंबर म्हणजे निवृत्तिवेतनवाल्यांची जत्रा. प्रत्येकाने हयातीचा दाखला द्यायचा, म्हणजे आपण जिवंत आहोत असं सही करून कळवायचं. पूर्वी त्यासाठी समोर येऊन उभं राहावं लागे. लोक हातगाडीवरून येत, मुलाच्या पाठीवरून येत. आता मोबाईलपुढे तोंड धरलं तरी चालतं. आईला बाबांचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. मी घरीच फोन तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, "आई, आता डोळ्यांची उघडझाप कर." फोन तेवढंच बघतो. पापणी हलली की माणूस हयात. आईने पापणी हलवली, दाखला गेला. मग ती म्हणाली, "एवढ्यात पटलं तुमच्या बँकेला? घरात नाही पटत अजून."

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि झोप न आलेल्या कारकुनाला नियम आठवतात. त्या महिन्यात आमच्याकडे नॉमिनीची गडबड होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. लोक फॉर्म भरायला येतात आणि हमखास विचारतात, "आता माझं नाव लागलं, मग पैसे मीच काढू का?" गेली बावीस वर्षं मी एकच वाक्य म्हणतो आहे: खातेदार हयात असेपर्यंत नॉमिनीला काही अधिकार नाही. आणि नंतरही तो मालक नसतो. वारसांच्या वतीने घेणारा विश्वस्त असतो. खात्यात त्याचं नाव आहे ते खातेदाराने विश्वासाने घातलं म्हणून. व्यवहार करण्यासाठी नव्हे.

आईलाही मोजून चारच होते: पुणे, नागपूर, पारशिवनी आणि स्वयंपाकघर. चौघांचा जीव तिच्यावर होता, यात शंका नाही. शंका इतकीच, की जीव असणं आणि सहीचा अधिकार असणं या दोन गोष्टी एका रकान्यात लिहिता येतात का? खातेदाराची बुद्धीच चालेनाशी झाली तर कायदा वेगळी सोय करतो, ते समजण्यासारखं आहे. पण इथे पाय हळू झाला होता, बुद्धी नव्हे. आम्ही हळू पायाला हळू बुद्धी समजतो, कारण दोघांची वाट बघावी लागते आणि वाट बघायला आम्हाला वेळ नसतो.

जरा तुलना करून बघा. वर्षाचं पोर पहिलं पाऊल टाकतं, धपकन पडतं, आणि घर टाळ्या वाजवतं. शहात्तर वर्षांची बाई पाऊल टाकते, न पडता टाकते, आणि घर ओरडतं. पडण्याची शक्यता पोराची जास्त. मग हा फरक का? हिशेबनीस म्हणून मला वाटतं, आपण मनातल्या मनात पोराचं पडणं गुंतवणुकीत लिहितो आणि म्हातारीचं तोट्यात. पोराने चालणं शिकून पुढे काहीतरी व्हायचं असतं. म्हातारीने आता काही व्हायचं नसतं, नुसतं टिकायचं असतं. इथेच नोंद चुकते. टिकण्यासाठी कुणी जगत नाही, बँकेतली ठेवसुद्धा पुढेमागे खर्चायलाच असते. वेदात विश्पलेची गोष्ट आहे. लढाईत तिचा पाय तुटला तेव्हा अश्विनीकुमारांनी तिला लोखंडाचा पाय बसवला, तो पुन्हा पुढे सरसावता यावं म्हणून. 'आता बाई खाटेवर आराम करा' असं म्हणून लोखंड वाया घालवलं नाही.

लंडनचा पर्सिव्हल पॉट नावाचा शल्यवैद्य १७५६ साली, चाळिशीत, घोड्यावरून रस्त्यात पडला आणि पाय मोडून घेतला. हाड बाहेर आलेलं. त्याने कुणाला हात लावू दिला नाही. गाडीत घातलं तर धक्क्यांनी पाय जाईल हे तो जाणत होता. थंडीत रस्त्यावर पडल्या पडल्या त्याने माणसं बोलावली, एक दरवाजा विकत घेतला, त्याला दांड्या ठोकून घेतल्या आणि त्यावर निजून घरी गेला. पाय कापायची हत्यारं तयार होती, तरी पाय वाचला. आज घोट्याच्या एका मोडीला त्याचं नाव आहे, आणि ती त्याला झालेली नव्हती, हा भाग वेगळा. श्रेयाच्या नोंदी दवाखान्यातही चुकतात. मला आवडतो तो दरवाजा. पाय त्याचा, वेदना त्याची, म्हणून हुकूमही त्याचा. सुदैवाने त्याच्या घरची सभा त्या वेळी रस्त्यावर भरलेली नव्हती.

कुणी म्हणेल, पॉट तज्ज्ञ होता. बरं, मग इंग्लंडच्या राणीची आई घ्या. १९९५ साली पंच्याण्णवाव्या वर्षी तिने एक खुबा बदलून घेतला. जानेवारी १९९८ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी, घोड्यांच्या तबेल्यात फिरताना पडली आणि दुसरा मोडून घेतला. तोही बदलला, आणि बाई २००२ पर्यंत, १०१ वर्षांची होईतो जगली. आता सत्त्याण्णवाव्या वर्षी तबेल्यात काय काम होतं, हा प्रश्न आमच्या मामांनी नक्की विचारला असता. उत्तर एवढंच, की तिला घोडे आवडत होते.

पुढच्या सभेत हे सगळं मी मांडलं नाही. वोल्फ आणि विश्पला एकदम काढले असते तर फोन कट झाले असते. मी एवढंच सुचवलं, की खातेदार हयात आहे, दाखला आमच्याच बँकेत आहे, तर तिला सभेला बोलवा. आई वॉकर टेकत आली, खुर्चीवर बसली आणि सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर अटी तिनेच घातल्या. न्हाणीत भिंतीला लोखंडी दांडी लावा. ओसरीवरची गोधडी काढा, पाय अडकतो. पायरीवर दिवा लावा. पट्ट्याची चप्पल आणा. काठी मी वापरीन, लाजणार नाही. आणि यापुढे मी सांगून जाईन, विचारून जाणार नाही.

मराठीतले हे दोन शब्द मी जन्मभर ऐकत आलो, पण त्यांच्यातला फरक त्या दिवशी कळला. विचारून जाणं म्हणजे परवानगी. सांगून जाणं म्हणजे खबर. विचारणाऱ्याचा पाय दुसऱ्याच्या ताब्यात असतो. सांगणाऱ्याचा स्वतःच्या ताब्यात असतो, आणि तरी त्याला घर असतं. न सांगता जाणं हा उर्मटपणा झाला. रात्री दोन वाजता उठणाऱ्या सौ.वर तो अन्याय झाला. विचारून जाणं ही कैद झाली. मधली वाट 'सांगून' ही आहे. मला वाटतं म्हातारपणाचा सगळा नैतिक प्रश्न या एका क्रियापदाच्या रूपात मावतो, आणि तो व्याकरणाच्या पेपरात पाच गुणांना विचारायला हरकत नाही.

माघात आईने सांगितलं, "शिवरात्रीला घोगऱ्याला जाईन." घोगरा महादेव म्हणजे आमच्याजवळचा पेंच नदीतल्या खडकांमधला. शिवरात्रीला यात्रा, गर्दी, आणि पायाखाली दगडच दगड. मामांचा फोन अर्ध्या तासात आला. आई त्यांना म्हणाली, "खडकावर चढायला मला काय वेड लागलंय? गाडी जाईल तिथवर गाडी, पुढे काठी चालेल तिथवर काठी, आणि काठी थांबली की नमस्कार तिथूनच. महादेवाला दुरून दिसत नाही असं तुला कुणी सांगितलं?" एवढा धोक्याचा हिशेब आमच्या कर्ज विभागाने केला असता तर थकबाकी राहिली नसती.

ती गेली, काठी थांबली तिथे थांबली, नमस्कार केला, उसाचा रस प्यायली आणि घरी आली. पडली नाही. पण पडली नाही म्हणून जाणं बरोबर ठरलं, असं मी लिहिणार नाही. तो लबाड हिशेब होईल. उद्या ती अंगणात पडू शकते. खुर्चीतून उठतानाही पडू शकते. तेव्हा 'बघा, सांगितलं होतं' म्हणणारे चार फोन येतील. पण हक्क काही यशावर अवलंबून नसतो. खातेदाराने पैसे काढून ते कुठे घालवले यावरून खातं त्याचं की नाही हे ठरत नाही. आपण फार तर काउंटरवरून म्हणावं, नोटा नीट मोजून घ्या, बाहेर गर्दी आहे.

सध्या आईची पावलं दोनशेच्या वर गेली आहेत. मोजण्याचं काम माझ्या धाकट्याकडे आहे आणि तो दहा-वीस फुगवून सांगतो. संध्याकाळी ती काठी घेऊन उठते, ओसरीवरून आत बघून म्हणते, "येते गं." आपल्याकडे बाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'जाऊ का?' असं तिने विचारलं असतं तर उत्तर आम्हाला द्यावं लागलं असतं, आणि आम्ही काय दिलं असतं ते सर्वांना माहीत आहे. 'येते' याला उत्तर नसतं. सौ. आतून 'या' म्हणते, आणि उठून पायरीवरचा दिवा लावते.